आईच्या वतीनं सोडलेली काकडी

माझे वडील गेले तेव्हा सुरतेत उन्हाळा ऐन भरात होता. भेटायला येणारा प्रत्येक जण आधी वडिलांबद्दल हळहळायचा आणि लगेच उन्हाबद्दल. उन्हाबद्दलची हळहळ जास्त मनापासून असायची, आणि त्यात कुणाची चूक होती असंही नाही. बाबा त्यांच्यापुरते संपले होते, ऊन अजून चालू होतं.

मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. लग्न केलेलं नाही. या दोन्ही गोष्टींची लोकांना सारखीच काळजी वाटते. पण बाबा गेल्यावर पहिल्या गोष्टीचा त्यांना एकदम आधार वाटू लागला. 'तुझं वाचन आहे, तू सावरशील,' असं मला इतक्या जणांनी सांगितलं, की आमच्या ग्रंथालयात शोक सावरण्याचं एखादं कपाट आहे आणि त्याची किल्ली माझ्याकडे आहे, असं मलाही वाटू लागलं. आईचं वाचन नव्हतं. तिनं कसं सावरावं याबद्दल कुणी काही बोललं नाही. तिच्यासाठी सगळ्यांकडे एकच वाक्य होतं, 'थोडं तरी खाऊन घ्या.'

ती खात नव्हती. म्हणजे उपवास नव्हता, हट्ट नव्हता, ताटावर बसायची. भाताची चार शितं बोटांनी इकडची तिकडे करायची, वरणात बोट बुडवायची, आणि 'जात नाही रे' म्हणून उठायची. शेजारच्या गुजराती मासी रोज खिचडी आणि कढी पाठवत. सुरतेची कढी गोड असते हे मी जन्मापासून ऐकत, खात आणि सहन करत आलो आहे. आई ती कढी वाटीत ओतून घ्यायची, मासींचं मन राखायला एक घोट प्यायची आणि वाटी माझ्यापुढे सरकवायची. तेरावा झाला, सुतक फिटलं, लोक आपापल्या गावी गेले, तरी तिचं हेच चाललं होतं. तिच्या ब्लाऊजच्या बाह्या सैल दिसू लागल्या. पदराखाली खांद्याचं हाड दिसायचं. डॉक्टरांनी तिला तपासून, माझ्याकडे बघून, 'इनको खिलाओ' एवढंच सांगितलं. त्यांचंही वाचन असावं.

लोक गेले असं म्हटलं, पण आत्या गेली नव्हती. बाबांची ही थोरली बहीण शिरपूरकडची. मला आणि आईला आधार द्यायला ती मागं राहिली होती आणि आधार द्यायची तिची पद्धत अशी, की आम्ही दोघं जे काही करू ते कसं चुकतं हे ती लगेच सांगायची. घरात आई तिला अक्का म्हणते. एरवी ती शुद्ध मराठी बोलते, संतापली किंवा हेलावली की अहिराणीवर येते. त्यामुळे तिचं बोलणं ऐकून हवामान कळतं.

काकडीचा प्रश्न आत्यामुळेच निर्माण झाला होता.

दहाव्याला आम्ही तापीच्या घाटावर गेलो. पिंड मांडले आणि कावळ्याची वाट बघू लागलो. सुरतेत कबुतरांची फार चांगली व्यवस्था आहे. त्यांना चौकाचौकात सकाळ-संध्याकाळ ज्वारी मिळते, कुंड्यांत पाणी मिळतं. कावळ्याला एरवी कुणी विचारत नाही आणि दहाव्याला मात्र सगळे हात जोडून उभे राहतात. त्यानं तरी धावत का यावं? समोरच्या कडुनिंबावर तो बसला होता, आमच्याकडे बघत होता आणि चोच फांदीवर घासत होता.

गुरुजींना पुढं कतारगामला दुसरं काम होतं. ते म्हणाले, "काही इच्छा राहिली असेल. बोला, वचन द्या."

मी पुढं होऊन म्हणालो, "बाबा, आईला सांभाळीन." कावळा हलला नाही. माझ्या सांभाळण्याबद्दल बाबांना जिवंतपणीही फारशी खात्री नव्हती. मग मामा म्हणाले, "भावजी, घर विकणार नाही कुणी." घर विकण्याचा विषय कधी निघालाच नव्हता, पण तेव्हा मी मामांकडे जरा निरखून पाहिलं. कावळा तसाच. गुरुजी घड्याळ बघत म्हणाले, "दर्भाचा कावळा करून शिववता येतो. शास्त्रात सोय आहे."

आत्याला ही सोय अजिबात मान्य नव्हती. बायका घाटावर येत नाहीत, असं गुरुजींनी सांगूनही ती आली होती. इतका वेळ मागं, पायरीवर बसली होती. ती उठली, पदर डोक्यावर घेतला आणि नदीकडे तोंड करून ओरडली, "भाऊ रे! तुना नाववर वहिनीनी काकडी सोडी दिनी रे!"

आणि कावळा आला. सरळ खाली उतरला, दहीभाताच्या गोळ्यात चोच मारली, एक घास घेऊन उडाला. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. गुरुजी सामान आवरू लागले. मामा डोळे पुसत म्हणाले, "बघा, काकडीतच जीव अडकला होता."

मेलेल्या माणसाच्या नावानं त्याच्या आवडीची एखादी वस्तू सोडायची, ही आमच्याकडची जुनी रीत आहे. कुणी वर्षभर सोडतं, कुणी जन्मभर. सोडणारा स्वतः ती सोडतो, एवढी एक अट आजवर मी गृहीत धरली होती. आई तेव्हा घरी होती, उंबऱ्याच्या आत, भिंतीला टेकून. आपण काकडी सोडल्याचं तिला आम्ही परतल्यावर कळलं. हातपाय धुता धुता आत्यानं ते सांगितलं. "वर्षश्राद्धापर्यंत. जास्त नाही." आई तिच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बरं."

आता बाबांच्या काकडीबद्दल सांगायला हवं. बाबा पाटबंधारे खात्यात आरेखक होते. कालव्यांचे नकाशे काढायचे. स्वयंपाकघरात त्यांचा वावर शून्य होता. चहासुद्धा ते असा करायचे, की आई तो बेसिनमध्ये ओतून पुन्हा करायची. पण उन्हाळा लागला की फाल्गुनापासून मृगापर्यंत रात्रीच्या जेवणाला काकडी ते करायचे आणि त्या वेळी दुसऱ्या कुणी ओट्याजवळ यायचं नाही. किसलेली काकडी त्यांच्या लेखी अपमान होता. काकडी चोचवायची, म्हणजे डाव्या तळहातावर उभी धरून सुरीच्या पात्यानं तिच्यावर एकमेकांलगत उभे वार करायचे, फिरवत जायचं आणि मग वरून पातळ काप काढायचा. पडतो तो बारीक, ओबडधोबड, रसरशीत चुरा. त्यात दाण्याचा भरडा कूट, मिरची, भरपूर कोथिंबीर, गॅलरीतल्या कुंडीतला पुदिना, लिंबू. वरून जिऱ्याची फोडणी. साखर अजिबात नाही. सुरतेत राहून साखर न घातलेला पदार्थ खाणं हा आमच्या घरातला एकमेव बंडखोरपणा होता.

आईला ती काकडी आवडायची की नाही, हे मला खरोखर माहीत नव्हतं. ती खायची. दिवसभराच्या स्वयंपाकानंतर कुणीतरी केलेलं आयतं खायला मिळत होतं, तेही असेल.

तर तेराव्यानंतरच्या एका दुपारी आई गॅलरीच्या दारात बसली होती. हवा हलत नव्हती. अंगाला चिकटणारा तो इथला दमटपणा होता. ती मला म्हणाली, "काहीतरी गार, आंबट खावंसं वाटतंय." मी जवळजवळ उडालो. तेवीस पुस्तकं परत न केलेला विद्यार्थी अचानक पुस्तकं घेऊन दारात उभा राहावा, तसं मला झालं. "काय आणू? ताक? लिंबू सरबत?"

"ताक नको," ती म्हणाली, आणि पुदिन्याच्या कुंडीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "जाऊ दे."

तिनं नाव घेतलं नाही. मीही घेतलं नाही. मी खाली उतरलो.

भाजीची लारी, म्हणजे इथली हातगाडी, सोसायटीच्या फाटकाशी उभी होती. मी काकड्या निवडू लागलो, म्हणजे उचलून परत ठेवू लागलो. शेजारच्या मासी तिथंच होत्या. त्यांनी माझ्या हातातली जाड काकडी काढून घेतली, बारीक कोवळ्या तीन पिशवीत टाकल्या, लारीवाल्याकडून कोथमीर आणि मिरच्या फुकटात उपटल्या आणि म्हणाल्या, "कचुंबर बनावो छो? लगीर खांड नाखजो भाई, मम्मीने भावशे."

"हो, मासी," मी म्हणालो. आयुष्यभर मी त्यांना साखरेच्या बाबतीत हेच उत्तर देत आलो आहे.

वर येऊन मी स्वयंपाकघराचं दार लोटलं. स्वतःच्या घरात चोरून काकडी कापण्याचा प्रसंग माझ्यावर येईल असं वाटलं नव्हतं. चोचवणं मी लहानपणापासून शेकडो वेळा पाहिलेलं होतं. पाहिलेलं आणि येत असलेलं यांतला फरक पहिल्याच वाराला कळला. सुरी काकडीत रुतली ती निघेना. ओढली तर काकडीचे दोन तुकडे झाले आणि एक गॅसच्या शेगडीखाली गेला. बहुधा मीठ लावलं की मऊ होईल, असा विचार करून मी दुसऱ्या काकडीला मीठ चोळलं.

"हे काय करतोयस?"

आत्या दारात उभी होती. झोपून उठलेली, केस सुटलेले. ओट्यावरची काकडी तिनं पाहिली, आणि तिचा चेहरा बदलला.

"माझ्यासाठी," मी म्हणालो.

"तू काकडी खात नाहीस. लहानपणी ताटाखाली लपवायचास. वहिनीसाठी करतोयस ना?"

मी सुरी पुसू लागलो.

"ती सोडलीये. नदीवर सांगितलंय आपण. तुझ्या बापाला सांगितलंय. तिनं खाल्ली तर काय होईल, कळतं का तुला? सारी पुस्तकं वाचलीस, एवढं वाचलं नाहीस?"

"तिनं खाल्लं नाही तर काय होईल, ते कळतं," मी म्हणालो. "डॉक्टरनं सांगितलंय."

"मग आंबा दे. कलिंगड दे. जगात काकडी एकच वस्तू आहे का?"

"आंबा दिला होता. कलिंगडही. तू स्वतः दिलंस काल. कुणी खाल्लं ते?"

कलिंगड आत्यानंच खाल्लं होतं, त्यामुळे तिनं पदर सारखा केला. मी तिसरी काकडी उचलली आणि पुन्हा वार करायला लागलो. आत्या दारातच उभी. निषेध म्हणून हात छातीवर बांधलेले. पण तिची नजर माझ्या हातावर होती, आणि ती फार वेळ गप्प बसू शकत नाही.

"आधी तोंड काप."

"काय?"

"काकडीचं तोंड. काप आणि त्याच कापानं घास, फेस निघेल पांढरा. कडवटपणा जातो. आणि मीठ कुणी लावायला सांगितलं आधी? पाणी सुटेल सगळं. करूच नको म्हणतेय मी, पण करायचंच तर नीट तरी कर."

मी तोंड कापलं, घासलं. फेस आला.

"अशी धरतात का? बोट जाईल तुझं. तळहातावर धर... आडवी नाही रे, उभी! अंगठा मागं. अरे, माय वं! तुना बापले मीच शिकाडं हाई. ओसरीवर बसीसन. आठ वर्षांना व्हता तो." तिनं पुढं येऊन सुरी माझ्या हातातून काढून घेतली.

आणि मग तिनं ती काकडी चोचवली. बसक्या, जाड बोटांच्या त्या हातात काकडी फिरत होती आणि सुरीचा आवाज बाबांच्या सुरीसारखाच येत होता, टकटक, टकटक, मध्ये थांबून पुन्हा. बाबा ही कला नकाशे काढून शिकले असावेत, असं मी इतकी वर्षं समजत होतो. चोचवताना आत्या सारखं पुटपुटत होती, "हे मी करत नाहीये. तुला दाखवतेय. तुला कळावं म्हणून." शेगडीखाली गेलेला तुकडासुद्धा तिनं काढायला लावला, धुतला आणि चोचवला. मीठ लावलेली काकडी मात्र तिनं बाजूला सारली, "ही मोलकरणीला दे," आणि मग, "नको, तिला तरी का?"

पुदिना मी खुडून आणला. ती म्हणाली, "एवढा नाही, चार पानं. कोथिंबीर जास्त. देठं टाकू नको, कोवळी असतात, वास त्यातच असतो." कूट बाटलीत होता, आईनं बाबा आजारी पडण्याआधी केलेला. आत्यानं तो हुंगून बघितला, ठीक आहे म्हणाली. मिरची आणि जिरं मी खलात कुटलं. फोडणी तिनं दिली. चर्र आवाज झाला आणि आत खोलीत आईची खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं.

आत्या तिथंच थिजली. रिकामी कढली हातात धरून माझ्याकडे बघू लागली. जणू हे सगळं मीच तिच्याकडून करवून घेतलं होतं, आणि तसं ते थोडंफार होतंही.

आई दारात आली. वाडग्याकडे बघितलं, आत्याकडे बघितलं.

"अक्का, कुणी केली?"

आत्या माझ्याकडे बघायला लागली. मी वाडग्याकडे. ग्रंथालयात कुणी पान फाडलं असं विचारल्यावर साधारण असंच दृश्य असतं.

"मी याला शिकवत होते," आत्या म्हणाली. "तुझ्यासाठी नाही. तुझी सोडलेली आहे."

आई पुढं आली. मला म्हणाली, "मीठ टाकलंस?" मी नाही म्हणालो. तिनं बरणीतून चिमूटभर मीठ घेतलं, वरून भुरभुरवलं, चमच्यानं हलवलं. कपाटातून वाटी काढली आणि वाटीत वाढून घेतली, चांगली भरून.

"वहिनी!" आत्याचा आवाज चढला. "भाऊना नाववर सोडेल से!"

"कुणी सोडली?" आईनं विचारलं. ओरडून नाही, चिडून नाही. मीठ किती टाकलं विचारावं तसं.

"म्हणजे?"

"मी घाटावर नव्हते, अक्का. मला कुणी विचारलं नाही. घरी आल्यावर कळलं, मी काहीतरी सोडलंय म्हणून. तुम्ही सोडली ना? तुमच्या तोंडानं सोडली, कावळ्यानं तुमचं ऐकलं. मग तुम्ही पाळा."

आणि तिनं चमचा तोंडात घातला.

मला हसू येत होतं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ते आवरायचा मी प्रयत्न केला नाही. मी आत्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं ती भांडेल. अहिराणीत सुरू होईल, मामांना फोन लावेल, गुरुजींचं मत मागवेल. आत्याला काकडी किती आवडते हे मला माहीत होतं. घरातल्या कुठल्याही पंगतीत ती कोशिंबिरीच्या पातेल्याजवळची जागा धरते.

आत्यानं कढली ओट्यावर ठेवली. हात पदराला पुसले.

"पाळसू," ती म्हणाली. "मना भाऊ व्हता."

एवढंच. मग ती बाहेर जाऊन जेवणाच्या टेबलाशी बसली, पाठ आमच्याकडे करून. तिचे खांदे हलत नव्हते, ती रडत नव्हती. नुसती बसली होती, कुणीतरी गाडीची वाट बघत बसावं तशी. घाटावर ती का ओरडली होती हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. वहिनीवर अधिकार गाजवायला नाही. कावळा येत नव्हता, गुरुजी गवताचा कावळा करायला निघाले होते, आणि ज्याला तिनं ओसरीवर सुरी धरायला शिकवली तो कुठंतरी अडकून पडला होता. तिच्या हाताशी जे सापडलं ते तिनं नदीत फेकलं. ते दुसऱ्याचं होतं, एवढीच चूक.

आई उभ्यानंच खात होती. मी तिला खुर्ची दिली. ती बसली नाही. वाटी संपली तेव्हा ती म्हणाली, "चपाती आहे का सकाळची?" होती. चपाती घेऊन तिनं पुन्हा वाढून घेतलं. घास चावता चावता एकदा थांबली, मला वाटलं आता ठेवून देईल, डोळे भरून येतील, आणि मग मला ते बघावं लागेल. पण तिच्या दातांत मिरचीचा तुकडा आला होता. तिनं तो काढून टाकला आणि पुढं खाल्लं.

"फोडणी यांची जरा जळते नेहमी," ती मला हळूच म्हणाली. 'यांची' म्हणजे बाबांची की आत्याची, ते मी विचारलं नाही.

मग तिनं वाटी धुतली, तोंड धुतलं, पदरानं पुसलं आणि बाहेरच्या पाठमोऱ्या आत्याकडे पाहत मला म्हणाली, "उद्या तीन काकड्यांची कर. दोन पुरत नाहीत. आणि अक्कांसाठी टोमॅटोची कर वेगळी. त्यांना नुसतं वरण कसं जाईल वर्षभर?"

"वर्षभर?" आत्या तिकडूनच म्हणाली. "मी काय वर्षभर राहणार आहे का इथं?"

"मग कुठं जाणार?" आई म्हणाली. "तिकडे जाऊन चोरून खाल. इथं माझ्या नजरेसमोर राहा."

आत्यानं मान वळवली. "टोमॅटोत कांदा घालशील का?" तिनं मला विचारलं.

"घालतो."

"बारीक चिर. आणि साखर नको."

आई म्हणाली, "टोमॅटो घरात नाहीत. लारी गेली असेल का रे?" मी चप्पल घालून खाली गेलो.